निव्वळ वजन

खडीच्या खाणीवर, काट्याच्या खोलीत
एकोणीस वर्षं मी एकच वजाबाकी करते आहे:
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक.
उरतं ते खरं.
बाकी सगळं लोखंड, डिझेल
आणि ड्रायव्हरचं पोट.

मार्चमध्ये नवा काटा येणार.
कॅमेरा नंबरपाटी वाचेल, पावती आपली आपण निघेल.
साहेबांनी हे सांगितलं डोनटचा खोका पुढे करत,
आणि मी त्यातला साखर लावलेला उचललाही.

केंटकीच्या या डोंगरात, आमच्या बाजूला, इंटरनेट
पाहुण्यासारखं येतं, कोट न काढता निघून जातं.
म्हणून रात्री वाचनालयामागे गाडी लावते.
वाचनालय सहाला बंद होतं, त्याचं वायफाय नाही.
शेजारच्या गाडीत नेपियरांचा पोरगा शाळेचा निबंध लिहितो.
काचेतून आम्ही माना हलवतो,
एकाच पाणवठ्यावर आलेली दोन जनावरं.

स्टिअरिंगवर लॅपटॉप, मांडीवर वही.
व्यवसाय व्यवस्थापनाच्या फोटोत सगळे हसतात,
कुणाच्याच नखात ग्रीस नाही.
तिथला ब्रेंट रोज साडेसातला फोन करतो.
पहिल्याच फोनला मला वर्नेल म्हणाला,
जणू आम्ही एका चर्चमध्ये वाढलो.
"एका क्रेडिटला फक्त चारशे ऐंशी डॉलर."
मी विचारते, क्रेडिटं किती?
तो आमच्याकडचं हवामान विचारतो.

असे ड्रायव्हर मी पाहिलेत.
मागची चाकं काट्याबाहेर ठेवून
गोड हसतात,
म्हणतात, छाप पावती.
मी खिडकीतून हात हलवते: पुढे घे.
अजून.
सगळी चाकं.

ब्रेंटलाही तेच म्हटलं. सगळी चाकं काट्यावर घे:
पुस्तकं, तंत्रज्ञान शुल्क,
परीक्षेत कॅमेऱ्यातून माझ्यावर डोळा ठेवणाऱ्याची मजुरी,
झगा घालायचा नसला तरी झग्याचे पैसे.
लाइनवर शांतता.
मग म्हणाला, सवलत आज रात्री बारापर्यंतच आहे.

दुसऱ्या ठिकाणाहून, शेजारच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठातून,
फोन आलाच नाही.
चौथ्या दिवशी कुणा मिसेस टकेटची ईमेल:
"डेटा विश्लेषणाचे एकूण नऊ हजार दोनशे, सगळं धरून.
संख्याशास्त्रात पुष्कळ जण एकदा गटांगळी खातात.
खाल्लीत तर सातशे वेगळे.
तुमचं गणित सुटून किती वर्षं झाली?"

सत्तावीस, मी लिहिलं. मग पुसलं.
गणित सुटलंय कुठे माझं?
दिवसाला दोनशे वजाबाक्या.
लिहिलं: दोन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी सुटलं,
उद्या सकाळी सहाला पुन्हा लागेल.

हर्शेल म्हणतो, सत्तेचाळिसाव्या वर्षी पदवी
म्हणजे जुन्या ट्रकला नवं इंजिन.
मी म्हटलं, जुन्यालाच घालतात ना, नव्याला कशाला?
तो हसला नाही.
जेवणानंतर नव्या बंदुकीसाठी साठवलेले सहाशे
मिठाच्या बरणीखाली ठेवले
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

अर्ज अजून पाठवलेला नाही.
"ही पदवी का हवी? पाचशे शब्दांत."
माझे एकतीस झालेत.

काल शेवटचा ट्रक गेल्यावर
मी स्वतःच काट्यावर जाऊन उभी राहिले,
बूट, कोट, लॅपटॉपची पिशवी.
हा काटा वीस-वीस पौंडांनी मोजतो,
माणसासाठी नाही बनवलेला.
आकडा एकशे ऐंशी की दोनशे
ठरवत राहिला बराच वेळ.
खिडकीत पावती छापायला
कोणीच नव्हतं.